व्हिडिओ कॉलवरच्या व्यायामाने बाबांच्या झिजलेल्या स्नायूंत ताकद येईल का?

येईल, पण स्नायूंवर थोडं थोडं ओझं वाढत गेलं तरच. बाबा ७४ वर्षांचे, लालबागला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून खाली उतरणंच बंद झालंय, असं तुम्ही लिहिलंय. मग फिजिओथेरपिस्टच घरात, मोबाइलवर आलेला बरा.

आधी एक तपासणी करा. हात छातीवर दुमडून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार सार्कोपेनियाची, म्हणजे वयामुळे स्नायू झिजून ताकद कमी होण्याच्या आजाराची, शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावं.

नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ लावून देऊ नका. माझ्या आईने ते चार दिवसांत सोडले. समोरून "काकू, गुडघा आत वळतोय" म्हणणारं माणूस मिळालं, तेव्हापासून ती दहा मिनिटं आधीच तयार होऊन बसते! मोबाइल बाजूला, पावलांपासून डोक्यापर्यंत दिसेल असा ठेवा. खुर्ची भिंतीला टेकवा, आणि पहिले काही आठवडे घरातलं कुणीतरी शेजारी हवंच. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रबरी पट्टा सहज १२ वेळा ताणता आला की पुढचा, जाड पट्टा घ्यायचा.

जेवणाकडेही बघा. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला वरण-भातातून तेवढी मिळत नाहीत. अंडी, मासे, दही, उसळ वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.