प्रॉम्प्टच्या आधी पेन्सिल

प्रिय,

तू एआयकडून काढून घेऊन पाठवलेली पोस्टरची चित्रं पाहिली. यातलं कुठलं निवडावं, असं विचारतेस. प्रत्येकात विषय मधोमध आहे, मागे धूसर उजेड आहे आणि मजकुराला जागाच नाही. मांडणी ठरवण्याआधी चित्र मागितलं, म्हणून एआय मॉडेलनं त्याच्या सवयीची मांडणी दिली.

आधी कागदावर आगपेटीएवढी दहा-बारा रेखाटनं कर. शीर्षक कुठे, नजर कुठून कुठे जाणार, मोकळी जागा किती, एवढंच त्यात हवं. एक निवड, तीन करड्या छटांत ढोबळ रंगव आणि इमेज-टू-इमेजमध्ये, म्हणजे दिलेल्या चित्रावरून नवं चित्र काढणाऱ्या सोयीत, दे. बदलाची मात्रा (मूळ चित्रापासून किती दूर जायचं, ० ते १) ०.४ ते ०.५ ठेवून सुरुवात कर. ०.७ च्या पुढे तुझी मांडणी पुसली जाते, ०.२ ला रेखाटनच जवळपास जसंच्या तसं परत येतं. मॉडेलनुसार हे आकडे थोडे सरकतात. चित्र पटलं की सीड (ते चित्र ज्या आकड्यापासून सुरू झालं तो), प्रॉम्प्ट (तू लिहिलेली सूचना) आणि मॉडेलची आवृत्ती तिथल्या तिथे टिपून ठेव. ‘हेच हवं, फक्त हात बदला,’ असं क्लायंट हमखास म्हणतो. तेव्हा अख्खं चित्र नव्यानं काढू नको, हातापुरता मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, इनपेंट कर, म्हणजे तेवढाच नव्यानं काढून घे. मास्कमध्ये मनगट आणि बाहीही घे, नाहीतर सांध्यावर उजेडाची दिशा बदललेली दिसते.

अक्षरं मात्र चित्रातून घेऊच नको. नवी मॉडेलं सुधारली आहेत, तरी देवनागरीत जोडाक्षरं विस्कटतात, वेलांटी भलतीकडे जाते, आणि लांबून सगळं ठीक वाटतं. चूक छापून आल्यावरच कळते. मजकूर नेहमी फॉन्टनं, वेगळ्या लेयरवर (थरावर) बसव.

छपाईला १०२४ पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ३.४ इंच. ए४ ला २४८० × ३५०८ लागतात. चित्र मोठं करणारा अपस्केलर हरवलेला तपशील शोधून आणत नाही, अंदाजानं भरतो. म्हणून केस, कापडाची वीण आणि डोळे १०० टक्के झूमवर तपास. झगझगीत निळे-हिरवे रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) मळतात, प्रूफ (छापील नमुना) आधी काढ. लोगोसाठी एआय वापरू नको. ऑटो-ट्रेस केलं (चित्राच्या आपोआप रेषा करून घेतल्या) की वक्रांवर नको तितके बिंदू पडतात, लोगो पेन टूलनंच, म्हणजे एकेक वक्र स्वतः आखून, काढावा.

हक्कांविषयी क्लायंटशी काम सुरू होण्याआधी बोल. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, मिडजर्नी या एआयनं तयार केलेली चित्रं वगळली. २०२५ च्या अहवालातही नुसता प्रॉम्प्ट पुरेसा नाही, हीच भूमिका आहे. म्हणून रेखाटनं आणि लेयर असलेल्या फाइल्स जपून ठेव, तुझा हात कुठे लागला ते त्यातून दाखवता येतं. आणि हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालू नको. कायदा काहीही म्हणो, वर्षानुवर्षं घडवलेली त्याची शैली न विचारता वापरणं मला अन्यायाचं वाटतं.