डब्यातल्या डॉलर नाण्यांवर अकराशे डॉलर खर्च करावेत का?

प्रश्न: सासरे गेल्यावर त्यांच्या कपाटात डॉलरच्या नाण्यांचा डबा सापडला. एकूण 412 नाणी आहेत : 14 मोठी आयझेनहॉवर, 60 सुझन अँथनी आणि बाकी सोनेरी. मुलगा अकरावीत आहे. व्हिडिओ बघून तो म्हणतो, यातली काही हजारोंची असतील. चाळीस नाणी ग्रेडिंगला (तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्यायला) पाठवायला 1,100 डॉलर लागतील. पाठवू का? उरलेली त्याच्या कॉलेजसाठी गुंतवणूक म्हणून ठेवू का?
(एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार ताई,

अकराशे डॉलर आत्ता भरू नका. चाळीस नाण्यांवर तेवढा खर्च म्हणजे नाण्यामागे साडेसत्तावीस डॉलर. वापरात फिरून आलेल्या डॉलर नाण्यांपैकी बहुतेकांना प्लास्टिकच्या डबीत बंद करूनही तेवढा भाव येत नाही. आधी घरी बसून निवड करा. त्याला एक भिंग आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा पुरे.

सोनेरी नाणी बहुधा सुट्यांतून साठली असावीत. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या तिकीट यंत्रात मोठी नोट घातली की हीच नाणी खाली पडायची. रंग मँगनीज-पितळेचा आहे, सोनं अजिबात नाही. ती दुर्मीळही नाहीत. डिसेंबर 2011 मध्ये सरकारने वापरासाठी ही नाणी पाडणं थांबवलं, तेव्हा फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत सुमारे 1.4 अब्ज नाणी पडून होती.

आता टांकसाळीचं अक्षर, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणारी खूण. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी डेन्व्हर, एस सॅन फ्रान्सिस्को, डब्ल्यू वेस्ट पॉइंट. सोनेरी नाण्यांत एक प्रकार सकागाविया या मूळ अमेरिकन स्त्रीच्या चित्राचा, दुसरा राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांचा. सकागावियाच्या 2000 ते 2008 च्या नाण्यांवर हे अक्षर दर्शनी बाजूला, सालाच्या खाली असतं. 2009 पासून ते कडेवर गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या नाण्यांवर तर 2007 पासूनच साल आणि अक्षर दोन्ही कडेवर आहेत, त्यामुळे मुलाला तोंडावर शोधून ते सापडणार नाही. कडेवरची अक्षरं काही नाण्यांवर उलटी दिसतात. त्याला काही किंमत नाही, कारण कडेवर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रात नाणी कशीही सुलटी-उलटी जात. कडेवर काहीच नसेल, विशेषतः 2007 च्या वॉशिंग्टनवर, तर ते नाणं बाजूला ठेवा आणि तोला. 8.1 ग्रॅम भरायला हवं, कारण कडा घासून अशी नाणी बनवणारेही आहेत.

व्हिडिओतलं हजारोंचं नाणं म्हणजे 2000 सालचं, पी अक्षराचं सकागाविया. पण त्यातलं प्रत्येक नाही. चिरिओज या न्याहारीच्या सिरियलच्या खोक्यांतून 5,500 नाणी वाटली गेली. त्यातल्या खास नाण्यांवर उडणाऱ्या गरुडाच्या शेपटीच्या पिसांवर बारीक, ठळक रेषा आहेत; नेहमीच्या नाण्यावर ती पिसं सपाट दिसतात. तिकीट यंत्रातून तुमच्या डब्यात असं नाणं येण्याची शक्यता फार थोडी. तरी 2000-पी वेगळी काढा आणि शेपट्या एकमेकींशी ताडून बघा. मुलाला हे काम नक्की आवडेल.

अँथनीवर अक्षर खांद्याच्या वर, डावीकडे आहे. 1979-पी मध्ये सालाचे आकडे काठाला अगदी चिकटून असतील, तर ते वेगळं काढा. त्याला नाणे विक्रेता थोडा जास्त भाव देतो. बाकी अँथनी म्हणजे एक डॉलर.

माझी खरी आशा त्या 14 आयझेनहॉवर नाण्यांवर आहे. अक्षर मानेखाली, सालाच्या वर. तिथे काहीच नसेल तर ते फिलाडेल्फियाचं साधं नाणं, कारण डॉलरवर पी 1979 पासून आला. एस असेल तर काट्यावर ठेवा : साधं 22.7 ग्रॅम, चाळीस टक्के चांदीचं 24.6. साध्याच्या कडेवर तांब्याची लालसर पट्टी स्पष्ट दिसते. चांदीच्या नाण्यात 0.316 ट्रॉय औंस चांदी असते, तेव्हा त्या दिवसाच्या भावाने गुणा आणि ही नाणी दर्शनी किमतीला मुळीच देऊ नका. 1973 आणि 1974 च्या एस नाण्यांत दोन्ही प्रकार आहेत, म्हणून नुसत्या अक्षरावर विसंबू नका.

आणि कृपा करून चिंच, पितांबरी काहीही लावू नका. घासलेलं नाणं संग्राहक लगेच ओळखतो, आणि त्याचा भाव पडतो.

करांची काळजी कमी आहे. वारसाने आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणून सहसा मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात, त्यामुळे लवकर विकलं तर नफा जेमतेमच दिसेल. फक्त चांदीच्या नाण्यांची त्या दिवशीची किंमत कागदावर लिहून ठेवा.

उरलेल्यांना मी गुंतवणूक म्हणणार नाही. 2000 साली एका डॉलरला जे मिळायचं, त्याला आज पावणेदोन डॉलरहून जास्त लागतात, आणि डब्यातला डॉलर मात्र डॉलरच राहिला. सासऱ्यांची आठवण म्हणून मुलाला आवडतील तितकी ठेवा, त्यात हिशेब करू नका. बाकीची पंचवीस-पंचवीसच्या गुंडाळ्या करून तुमच्या बँकेत भरा. सुपरमार्केटमधली नाणी मोजणारी यंत्रं कमिशन कापतात, तिकडे जाऊ नका. कॉलेज दोन वर्षांवर आहे, म्हणून हे पैसे आणि ग्रेडिंगचे वाचलेले अकराशे शेअर बाजारात न घालता जास्त व्याजाच्या बचत खात्यात टाका. 529 खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं खातं) आधीच असेल तर त्यातल्या सुरक्षित पर्यायात घातले तरी चालेल.

भिंगाखाली ती शेपटी खरोखर वेगळी दिसली, तर आधी दोन नाणे विक्रेत्यांना समक्ष दाखवा. दोघांनीही हो म्हटलं, तर तेवढं एकच नाणं विमा उतरवून ग्रेडिंगला पाठवा.