तिच्या माघारी तिच्याबद्दल

प्रिय लेकी,

सलाम.

तुझं पत्र मिळालं. नाताळच्या उपासनेत एकटीनं म्हणायचं गीत इतकी वर्षं तुझ्याकडे होतं, यंदा ते धारवाडहून लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला दिलं. तुला लागलं यात नवल नाही आणि त्यात पापही नाही. पण पुढे तू लिहिलंस, ‘तिला मराठी उच्चार तरी धड जमतात का?’ तिथे मी थांबले. हे उत्तर त्या एका ओळीसाठी आहे.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्या लहान. खानापूर घे, निपाणी घे, नाहीतर बेळगावातली एखादी वस्ती. एक माईक, एक गायनमंडळी, महिला मंडळाची एकच अध्यक्षा. आपल्यातल्या कितीतरी जणींना चार लोकांत उभं राहून बोलायला, गायला दुसरी जागाच नसते. म्हणून देवळातली ती हातभर जागा डोंगराएवढी वाटते, आणि दुसरीला मिळाली की आपली हिसकावली असं होतं. त्यात आपल्या सीमाभागात भाषेची भर. पहिलं गीत मराठी की कानडी, एवढ्यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून हा भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा हा प्रश्न धगधगतोय, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे चालू दे. त्याला आपल्या बाकावर आणून बसवू नकोस. त्या मुलीला मराठीत गावंसं वाटलं, याचा आनंद तुझ्याइतका कुणाला व्हायला हवा होता?

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली अलीशिबा पुन्हा एकदा सावकाश वाच. उतारवय, मूल नाही म्हणून लोकांच्या नजरा सोसलेल्या, आणि आता सहावा महिना. जन्मभर वाट पाहिलेलं सुख आत्ता कुठे पदरात पडतंय. तेवढ्यात नात्यातली एक तरुण पोर, येशूची आई होणार असलेली मरीया, दारात येते, आणि हिच्या पोटी येणारा आपल्या बाळापेक्षा थोर आहे हे अलीशिबेला उमगतं. ‘माझं तर ऐकून घे आधी’ असं तिला म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांनी तिचाही दिवस होता की! पण ती मोठ्यानं मरीयेला धन्य म्हणते, आणि माझ्या प्रभूच्या आईनं माझ्या घरी यावं एवढं माझं भाग्य कुठलं, असं विचारते. मरीयेचं स्तोत्र येतं ते यानंतर. मला नेहमी वाटतं, आधी अलीशिबेनं तिला आशीर्वाद दिला म्हणून त्या पोरीचा कंठ असा मोकळा झाला. पुढे मरीया सुमारे तीन महिने त्याच घरी राहिली. दोघी पोटुशी, एक म्हातारी, एक कोवळी. कुणाचं मोठं हा हिशोब तिथे निघाला असता तर ते तीन महिने कसे गेले असते?

लेआ आणि राहेल यांच्या घरात तो हिशोब निघाला होता. सख्ख्या बहिणी, दोघी याकोबाच्या बायका, आणि मुलांची मोजदाद करून एकमेकींवर मात करत राहिल्या. वाचताना जीव गुदमरतो.

तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये म्हणून. इफिसकरांच्या पत्रातलं हे वचन आपण सगळ्या तोंडपाठ म्हणतो. आणि उपासना सुटली की मार्क द्यायला बसतो. कुणाच्या करंज्या खुसखुशीत, कुणाचा मुलगा मेडिकलला लागला, कुणाची साडी कितीची. याहून वाईट म्हणजे ‘प्रार्थनेचा विषय’. ‘अगं, प्रार्थना कर हं तिच्यासाठी’ म्हणत एखादीच्या घरातलं भांडण तीन घरं फिरून येतं. मला याची फार चीड आहे. प्रार्थना करायची तर देवाशी बोल, तिचं नाव शेजारणीच्या कानात घालू नकोस.

कृपा कशी दिसते, ते मी एका रविवारी पाहिलं. कानडी घरातली एक बाई मराठी शास्त्रपाठ वाचत होती. जोडाक्षराला अडखळली, मागच्या बाकावर हसू फुटलं. तशी पुढच्या बाकावरची एक वयस्क आक्का उठली, तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, ओळीखाली बोट धरलं आणि अगदी हळू, तिच्याबरोबर वाचू लागली. दोन ओळींनंतर आक्कांचा आवाज थांबला, बोट मात्र शेवटपर्यंत फिरत राहिलं. त्याबद्दल नंतर त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

तुझ्यावर खरंच अन्याय झाला असं वाटत असेल तर गप्प बस असं मी म्हणणार नाही. पाळकांकडे जा, सरळ विचार. पण तिच्या गाण्याची उणीदुणी न काढता विचार. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांचं पटेनासं झालं, तेव्हा प्रेषित पौलानं त्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दोघींनाही नाव घेऊन विनवलं. चूक कुणाची हे पत्रात कुठेच नाही; दोघींनी सुवार्तेसाठी आपल्याबरोबर कष्ट केले, हे मात्र त्यानं आवर्जून लिहिलं. आणि त्यांना साहाय्य कर, असं तिसऱ्या एकाला सांगितलं. मंडळात दोघींचं बिनसलं तर आपण ती तिसरी व्हायचं, आगीत तेल ओतणारी चौथी नाही.

आता यंदाचं. गायनमंडळीची पेटी तूच वाजवतेस. तालमीच्या आधी तिच्या घरी जा, चहा घे, तिची पट्टी विचार. तुझी काळी पाच आहे, तिची खालची असेल तर तिच्या पट्टीत वाजव. तिला ओढून वर नेऊ नकोस. ‘ळ’ तिला कानडीमुळे छान जमेल, ‘च’ आणि ‘झ’चे दोन उच्चार मात्र तुला बसून शिकवावे लागतील. आणि तिच्या माघारी कुणी तिचं काही काढलं, तर एक चांगलं वाक्य तुझ्याकडे तयार असू दे. खरं वाक्य, शोधून काढलेलं. तेवढ्यासाठी तिचं गाणं आधी नीट ऐकावं लागेल.

तालीम कधी ठरली ते कळव. जमलं तर मी येईन.

तुझी,
मावशी