वाचक विचारतात : नदीकाठची चिबड (पाणथळ) जमीन, आपली आणि बर्फाच्या मुलखातली

प्रश्न : राम राम साहेब. आमचं शेत चोपडा तालुक्यात तापीकाठी, खोल काळी जमीन. ऑगस्टात झड लागली की खालच्या दीड-दोन एकरात वाफसा, म्हणजे कामाजोगी बेताची ओल, येतच नाही, कपाशी पिवळी पडते, लव्हाळा माजतो. पुतण्या अमेरिकेत नॉर्थ डकोटात फार्गोला शिकतो, त्याने तिथल्या नदीकडच्या शेतातल्या खड्ड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, वर आपल्यासारखीच काळी माती आणि खाली राखाडी-हिरवट. तिकडे म्हणे जमिनीत पाईप गाडून पाणी काढतात. आम्हीपण टाकावे का? खर्च मोठा आहे म्हणून आधी विचारतोय.

उत्तर : दादा, विचारून बरं केलं, कारण पाईप एकदा गाडले की चूक दुरुस्त करायला परत पैसाच लागतो.

आधी त्या फोटोबद्दल, कारण ती माती खरंच आपल्या काळीची लांबची नातलग आहे. फार्गोची चिकणमाती आपल्या रेगुरसारखीच, म्हणजे काळ्या जमिनीसारखीच, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगा पडणारी, दोन्हीतली मुख्य चिकणखनिजं एकाच गटातली. फक्त ती एका प्रचंड हिमसरोवराच्या तळाशी साचली, अ‍ॅगॅसिझ नावाचं सरोवर, हिमयुग संपताना बर्फ वितळून झालेलं आणि पुढे आटून गेलेलं. म्हणून तो सगळा मुलुख ताटासारखा सपाट आहे, पाण्याला जायला उतारच नाही. त्यातून तिथली रेड रिव्हर उत्तरेला वाहते, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये उगमाकडचा बर्फ आधी वितळतो आणि पुढे कॅनडाच्या बाजूला नदी अजून गोठलेलीच असते, मग पाणी तुंबतं आणि शेतांवर पसरतं. 1997 साली ग्रँड फोर्क्स शहर असंच बुडालं होतं. कॅनडातल्या विनिपेगने 1950 चा पूर सोसल्यावर शहराला वळसा घालणारा 47 किलोमीटरचा कालवाच खोदला, 1968 मध्ये तो पुरा झाला.

आता त्या शेतकऱ्याची अडचण काय ते बघा. वरचा बर्फ वितळला तरी खालची जमीन अजून गोठलेली असते, कडक हिवाळ्यात मीटरभर नि त्याहून खोल, त्यामुळे वितळलेलं पाणी खाली मुरतच नाही. आणि ओली माती तापायलाही वेळ घेते. त्याच्याकडे पेरणी ते काढणीला जेमतेम चार-साडेचार महिने आहेत, त्यात गहू, सोयाबीन, शुगरबीट काढायचं, तेव्हा शेत थोडं लवकर कोरडं झालं तरी त्याला पाईपचे पैसे वसूल वाटतात. तिथेही ही पद्धत जोरात आली ती गेल्या पंचवीसेक वर्षांतच, आणि बऱ्याच ठिकाणी उतार नसल्याने पाईपचं पाणी हौदात घेऊन पंपाने उचलून टाकावं लागतं. तसं अमेरिकेत शेतात कौलाची नळी गाडायची सुरुवात जुनी आहे, न्यूयॉर्क राज्यात जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने 1838 मध्ये केलेली.

तुमच्याकडे जमीन गोठत नाही, पेरणीला घाई बर्फाची नसते. तुमचं पाणी थांबतं ते भेगा मिटल्यावर चिकणमाती पाणी खाली सोडत नाही म्हणून, किंवा खालून वर येतं म्हणून, आणि या दोन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. मला अगदी मनापासून वाटतं की आपल्याकडे हा फरक न बघताच जेसीबी बोलावला जातो.

तेव्हा पुढच्या झडीत एक काम करा, ओल्या तुकड्यात तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, वरचं वाहतं पाणी आत येणार नाही असा बांध घाला नि दोन दिवस बघा. वर चिखल आणि खड्ड्याच्या तळाला कोरडी ढेकळं असतील तर पाणी वरच अडकलंय. मग पाईपपेक्षा उताराला धरून उघडे चर, गादीवाफ्यावर कपाशी, भरपूर शेणखत नि उन्हाळ्यात सबसॉइलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं अवजार, एवढ्याने बरंच काम होतं. पण खड्ड्यात खालून पाणी भरत आलं तर ते नदीकडून, कालव्याकडून किंवा वरच्या शेतातून येतंय, तिथे भूमिगत पाईपचा विचार करा, सांगली-कोल्हापूरकडे चिबड जमिनी अशाच सुधारल्यात. मातीच्या रंगावर मात्र जाऊ नका. हवा संपली की जीवाणू मातीतलं तांबडं लोह विरघळवतात आणि माती राखाडी होते, मुळांच्या वाटेने हवा शिरते तिथे गंजासारखे ठिपके राहतात, पण आपल्या गडद काळ्या मातीत हे वरच्या थरात दिसतच नाही.

पाईप टाकायच्या आधी माती लॅबला द्या, सोडियमसाठी मुद्दाम. विनिमय सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, अशा जमिनीत पाईप टाकले की आधी विद्राव्य क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो, चिकणमाती विस्कटते आणि पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही. हा धोका डकोटातही आहे, तिथेही आधी तपासणी करा म्हणूनच सांगतात. म्हणून सोडियम हटवणारं जिप्सम आधी, पाईप नंतर. आणि पाईपचं तोंड तापीकडे काढणार असाल तर पूर आल्यावर नदीचंच पाणी उलटं शेतात येईल, तोंडाला झडप हवीच.

पाईपने ओल जाऊन दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, कसं होईल अशी काळजी असेल तर ती सोडा. पाईप फक्त जादा पाणी नेतो, चिकणमातीने धरलेली ओल तशीच राहते, आणि तापीकाठची दादर त्याच ओलीवर येते.

प्रश्न : ताई लिहितात, भडगावहून. गिरणेचं पाणी शेतातून ओसरल्यावर पीक हिरवं करायला लगेच युरिया टाकला तर चालेल का?

उत्तर : नको ताई, आधी वाफसा येऊ द्या. चिखलात हवा नसते, तिथे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. गरमीत हे फार झपाट्याने होतं. 0 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 14 मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसात, आणि 5 अंशाच्या खाली मातीतले जीवाणू जवळपास थांबलेलेच असतात, म्हणून बर्फाळ भागात बुडालेली जमीन जास्त दिवस तग धरते नि आपल्याकडे दोन-तीन दिवसांत मुळं गुदमरायला लागतात. पिवळेपणा फारच असेल तर वाफसा येईपर्यंत 2 टक्के युरियाची फवारणी पानांवर करा.

प्रश्न : अमळनेरचे एक निवृत्त गुरुजी विचारतात, सायबेरियात एवढ्या मोठ्या नद्या, मग काठावर आपल्यासारखी शेती का नाही?

उत्तर : गुरुजी, ओब, येनिसेई, लेना तिन्ही उत्तरेला वाहतात, त्यामुळे पुराचं गणित रेड रिव्हरसारखंच, आणि बऱ्याच भागात खालची जमीन बारमाही गोठलेली. अलास्कात तनाना नदीच्या काठी झाडं नि शेवाळ काढल्यावर ऊन मातीत शिरतं, गोठलेला थर खाली सरकतो आणि वरची माती चक्क निचऱ्याची होते, तिथे शेती होतेही. पण आत बर्फाचे मोठे थर असतील तर ते वितळून शेतात खड्डे पडतात, म्हणून तिथे जंगल तोडायच्या आधी खाली किती बर्फ आहे ते बोअर घेऊन बघावं लागतं.