मुंबईच्या फ्लॅटमध्ये, ग्रिलच्या जागेत घरचं काही पिकवण्यात अर्थ आहे का?

दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, एकच ग्रिल, टोमॅटो आणि भेंडी दोनदा फसली, आता नाद सोडावा का, असं तुम्ही विचारलंय. नाद नका सोडू, पिकं बदला. चौघांची भाजी ग्रिलमधून निघत नाही, रोजची फोडणी मात्र निघते.

टोमॅटोला सहा तास थेट ऊन लागतं. समोर टॉवर असेल तर ते येणार कुठून? पाऊस सरला की एखाद्या रविवारी दर तासाला बघा, ऊन कुठल्या कोपऱ्यात किती वेळ थांबतं. तीन-चार तास भरले तर मेथी, कोथिंबीर, पुदिना होतो. त्याहून कमी असेल तर अळू किंवा भजीचा पानओवा लावून बघा.

सुरुवात मी समुद्र मेथीने करायला सांगेन. मंडईत बोटभर उंचीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात, तीच. डब्यातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवा. तीन इंच खोल ट्रेला खाली भोकं पाडा (आइस्क्रीमचा मोठा डबाही चालतो), निम्मी धुतलेली वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा आणि दाणे अगदी दाटीने पसरून वर बोटाच्या पेराएवढाही नाही इतका पातळ थर द्या. बारा-पंधरा दिवसांत मुळासकट उपटायची. रेती कचकचते, म्हणून तीन पाण्यांतून काढा. आठवड्याच्या अंतराने दुसरा ट्रे लावलात की खंड पडत नाही.

कोथिंबिरीत बहुतेकजण अख्खे धणे पेरून फसतात. एका धण्यात दोन बिया असतात. लाटणं हलकं फिरवून त्याच्या दोन फाका करा, पीठ नको. उगवायला आठ-दहा दिवस घेते. मे महिन्यात लावूच नका, उकाड्यात उगवली तरी लगेच फुलावर जाते.

मिरचीची पानं आकसून वर वळली तर तो चुरडा-मुरडा, बहुधा फुलकिड्यांमुळे. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याने पुन्हा. तरीही नवा शेंडा आकसलेलाच आला तर रोप काढून टाका, शेजारची वाचतील.

नुसती लाल माती भरू नका, पावसाळ्यानंतर तिची वीट होते. माती, कोकोपीट, खत समसमान घ्या. कोकोपीट आधी दोनदा धुवा, त्यात क्षार असतात. वजनाचंही बघा: ओली 12 इंची कुंडी 15 ते 20 किलोंची भरते. ग्रिलच्या सळया गंजल्या असतील तर आधी वेल्डर, मग कुंड्या.

खतासाठी रंगाची 20 लिटरची जुनी बादली, बाजूने भोकं पाडून. जेवढा ओला कचरा तेवढाच सुका पाला. सोसायटीचा झाडूवाला पोतंभर आनंदाने देतो. वास आला म्हणजे ओल जास्त, हवा कमी. ढवळा आणि पाला वाढवा. करड्या जाड अळ्या दिसल्या की लोक घाबरून अख्खी बादली ओतून देतात, पण त्या कचरा खाणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत, रोपांना काही करत नाहीत. बोंबलाची मुंडकी मात्र बादलीत नकोतच. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार.

कुंडीखालच्या प्लेटा टाळता येत नाहीत, कारण खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. पण त्यातच डेंग्यूचा डास होतो. आठवड्यातून एकदा पाणी ओतून प्लेट घासा. त्याची अंडी काठाला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.