तीन महिने झाले तरी दुखतंय, ऑपरेशन फसलं का?

हा प्रश्न रुग्ण स्वतः फारसा विचारत नाही, सोबत आलेलं माणूस विचारतं. मावशींच्या वेळी तो सुनेनं विचारला. "मॅडम, कमरेचं एवढं मोठं ऑपरेशन झालं, तीन महिने होत आले. अजून कंबर दुखते, पाय बधिर आहे. फसलं तर नाही ना?" मावशी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

मावशी सातारा जिल्ह्यातल्या, वय ५४. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सगळा जन्म भांगलणीत वाकून गेलेला. कमरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढं सरकला होता, डाव्या पायाची नस दबली होती. थोडं चाललं की खाली बसावं लागायचं. ऑपरेशनमध्ये नस मोकळी केली, दोन्ही मणके चार स्क्रू आणि दोन सळ्यांनी बांधले आणि ते एकजीव व्हावेत म्हणून मध्ये हाडाचे तुकडे भरले. यालाच फ्युजन म्हणतात. अशा ऑपरेशनच्या आधी-नंतर रुग्णांशी बोलणं, त्यांना समजावणं हे माझं काम. माझ्याकडे पाठवताना सर्जन म्हणाले होते, "एक्स-रे चांगला आहे, स्क्रू जागेवर आहेत. पण त्या उठतच नाहीत."

सुनेला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "मावशी, घरात कोणी विचारलं की काय सांगता?"

"बरं हाय म्हणते." मग बराच वेळ गप्प. "दोन म्हशी विकल्या ताई. वर सोसायटीचं कर्ज. आता दुखतंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

हळूहळू दुसरी भीतीही बाहेर आली. कुशीवर वळताना आत 'कचकन' वाजायचं. स्क्रू निसटला तर पुन्हा कापाकापी, पुन्हा कर्ज. त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. लेकानंही बजावलेलं, आईला हलू द्यायचं नाही. माया खरीच होती, पण तिनं मावशींना खाटेला बांधून ठेवलं होतं.

पुढच्या वेळी मी त्यांच्या मालकांनाही बोलावलं. ते गवंडी. त्यांना विचारलं, "स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवशी सेंटरिंग काढता का?"

"छे छे! स्लॅब खालीच यायचा की."

मावशींच्या पाठीतले स्क्रू म्हणजे ते सेंटरिंग, ओला स्लॅब तोलून धरणारा आधार. फरक एवढाच की ते सहसा काढत नाहीत, आतच राहतात. खरा स्लॅब म्हणजे नवं हाड, आणि ते पक्कं व्हायला सहा महिने ते वर्षभर लागतं. तिसऱ्या महिन्यात ते ओलंच असतं. ऑपरेशनसाठी बाजूला केलेले पाठीचे स्नायू अजून दुखरे असतात, पडून राहून ते आणखी आखडतात. वर्षानुवर्षं दबलेली नस एका दिवसात जागी होत नाही. मुंग्या आणि बधिरपणा महिनोन्महिने रेंगाळतो, कधी थोडा कायमचाही राहतो. आणि तो 'कचकन' आवाज? एक्स-रे नीट असताना नुसत्या आवाजावरून स्क्रू सुटला असं होत नाही.

मालक म्हणाले, "म्हणजे आता पाणी मारायचं काम आपलं." मी मान डोलावली. चालणं म्हणजे ते पाणी.

फिजिओथेरपिस्टनी माप ठरवून दिलं: दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, अंगणात. जमलं की दर आठवड्याला थोडं वाढवायचं. माझी अट एकच होती. बरं वाटलं म्हणून मापापेक्षा जास्त चालायचं नाही आणि दुखलं म्हणून शून्यावर यायचं नाही. माझे कितीतरी रुग्ण एक दिवस धडाक्यानं कामाला लागतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. वाकणं, पिळणं, कळशी उचलणं सर्जननी परवानगी देईपर्यंत बंदच. उठताना खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर भार देऊन बसायचं. घरात उकिडवं बसायचा संडास होता, म्हणून कमोडची खुर्ची आणली. सुनेपुढं लाज वाटते म्हणून मावशी दिवसभर पाणीच कमी पीत होत्या, हे तेव्हा कळलं.

काही लक्षणं मात्र धीर देत बसण्यासारखी नसतात. ताप, जखमेतून पाणी, पायातली ताकद अचानक जाणं, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. ही यादी मी सुनेला मोठ्या अक्षरात लिहून दिली.

चौथ्या भेटीत मावशींनी रुमाल काढताना पिशवीतून एक छोटी गोल डबी खाली पडली. झाकण उघडून काळी पूड फरशीवर सांडली. मिश्री. ऑपरेशनआधी "तंबाखू खाता का?" असं विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं होतं. तव्यावर भाजून दाताला लावतात ती तंबाखू, हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं. पडून पडून करमेना, म्हणून दिवसातून दोनदाची पाच-सहा वेळा झाली होती.

तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नवं हाड धरायला अडथळा येतो. १९८६ च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन ठिकाणी फ्युजन केलेल्यांपैकी विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत ८ टक्के, तर ओढणाऱ्यांत ४० टक्के जणांचं हाड जुळलं नव्हतं. मावशींना आकडे सांगितले नाहीत. "एकीकडे पाणी मारायचं आणि दुसरीकडे नळ बंद करायचा," एवढंच म्हणाले. त्या रडल्या. मीही ओरडले नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसरं काही स्वतःसाठी घेतलं नाही, तिच्याकडून हे काढून घेताना हात हलकाच ठेवावा लागतो.

सकाळची मिश्री सुटेना, कारण ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही खात्री. त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ. डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं, सुनेनं उठल्या उठल्या कोमट पाणी द्यायला सुरुवात केली. तंबाखू सोडवायला देतात त्या निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमचा विचार केला नाही, त्यातही निकोटिनच असतं. मिश्री पूर्ण सुटायला सात आठवडे गेले, मध्ये दोनदा घसरण झाली. दोन्ही वेळा मावशींनी स्वतःहून सांगितलं, 'बरं हाय' म्हणून झाकलं नाही.

आठव्या महिन्यात त्या विठ्ठलाच्या देवळापर्यंत चालत जाऊन येत होत्या. एक्स-रेत हाड धरू लागल्याचं सर्जननी दाखवलं. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, लांबच्या एसटी प्रवासात कंबर भरून येते, आणि आता त्या ते घरात सांगतात.

मणक्याचं ऑपरेशन ठरलेल्या बायका माझ्याकडे आल्या की मी तंबाखूचं नाव आधी काढत नाही. आधी विचारते, "मावशी, सकाळी दात कशानं घासता?"