सांताक्लॉजचं बजेट

प्रश्न : ताई, मुलगी चौथीत आहे. शाळेत नाताळला ‘सीक्रेट सांता’ असतो, चिठ्ठीत नाव निघेल त्याला गिफ्ट द्यायचं. मर्यादा शंभर रुपये. मागच्या वर्षी हिच्या कंपासपेटीला मुलं हसली. आता ती पाचशेच्या खाली बोलत नाही. काय करू? – एक आई, भुसावळ

उत्तर : आधी वर्गाच्या बाईंना भेटा. मर्यादा शाळेनेच घातलीय ना, मग पाळायलाही शाळेनेच लावावी.

मुलीला खऱ्या सांताची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. एका गरिबाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली, तेव्हा रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोनं टाकून आले, अशी आख्यायिका आहे. नाव ना गाव, चकचकीत कागदही नाही! (हुंडा तिकडेही होताच म्हणायचा.)

मी नवापूरला नोकरीला होते. शेजारी ख्रिस्ती कुटुंब. नाताळला त्यांच्याकडून करंज्यांचं ताट यायचं, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं. दिवाळीला आमचं जायचं. ताट रिकामं परत करायचं नाही, एवढाच नियम. माझ्याकडून एकदा नुसते शेंगदाणेच गेले, कोणी हसलं नाही.

शंभरात रंगपेटी येते, वर केळीचे वेफर्स. सोबत मुलीने स्वतः काढलेलं चित्र. आणि हो, किमतीची चिकटपट्टी काढा. निघत नसेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा.